ट्यूबमधला गर्भ काढला, टाके सुकले. आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, पहिलीच गर्भावस्था, पण गर्भ डाव्या ट्यूबमध्ये, म्हणजे गर्भनलिकेत, राहिला (यालाच एक्टोपिक म्हणतात). १९ दिवसांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. ट्यूब काढली नाही, तिला चीर देऊन गर्भ काढला. उजव्या ट्यूबला 'थोडा चिकटाव' आहे, असं डॉक्टर जाता जाता म्हणाले. सातव्या दिवशी टाके पाहून 'सगळं छान आहे' असं सांगितलं, पुढची तारीख दिली नाही. काल घरी केलेल्या लघवीच्या चाचणीत दुसरी रेघ अजून फिकट दिसते. ती का दिसते, ट्यूब ठेवली ते बरं झालं की वाईट, पुन्हा प्रयत्न कधी करायचा आणि पुन्हा तेच तर होणार नाही ना, असं तुम्ही विचारलं आहे.

ताई, आधी त्या फिकट रेघेबद्दल बोलते. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबवू नका.

ट्यूबला चीर देऊन गर्भ काढतात तेव्हा भिंतीत रुजलेल्या काही पेशी मागे राहू शकतात. ऑपरेशन कितीही नीट झालेलं असो, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. बहुतेकींच्या बाबतीत हे उरलंसुरलं आपोआप विरून जातं. शंभरातल्या साधारण ७ जणींमध्ये मात्र त्या पेशी तग धरतात, पुन्हा वाढायला लागतात, आणि ट्यूबमधून परत रक्तस्राव होऊ शकतो. बाहेरून काही कळत नाही. टाके सुकलेले असतात, पोट दुखत नसतं, बाई कामाला लागलेली असते. कळतं ते फक्त रक्तातल्या बीटा एचसीजीच्या, म्हणजे गर्भाच्या पेशी तयार करतात त्या संप्रेरकाच्या, आकड्यावरून.

लघवीची काडी इथे पुरत नाही. आकडा साधारण २५च्या आसपास असला तरी तिच्यावर रेघ उमटते. ५०वरून उतरत २५वर आलेला आकडा आणि १०वरून चढत २५वर पोचलेला आकडा, दोन्ही काडीवर अगदी सारखेच दिसतात. रेघ फिकट आहे याचा अर्थ आकडा लहान आहे एवढाच. तो कुठल्या दिशेला चाललाय ते तिला सांगता येत नाही.

म्हणून उद्याच रक्तातली बीटा एचसीजी करून घ्या. ऑपरेशनच्या आधीचा आकडा तुमच्या कागदांत असेल, तो शोधून ठेवा. मग सात दिवसांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. लॅब बदलू नका, कारण दोन लॅबच्या यंत्रांत फरक असतो आणि त्या फरकानंच उगाच धडकी भरते. असं दर आठवड्याला, आकडा ५च्या खाली येईपर्यंत (त्यालाच पुढे मी शून्य म्हणते). खरं तर ही तपासणी ऑपरेशननंतर सातव्या दिवसापासूनच सुरू व्हायला हवी होती. त्या दिवशी टाके पाहिले आणि रक्त घ्यायचं राहून गेलं. तरी घाबरून जाऊ नका. सुरुवातीचा आकडा मोठा असेल तर शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, त्यामुळे १९व्या दिवशी फिकट रेघ दिसणं यात वेगळं काही नाही. आकडा उतरता असेल तर काहीही करावं लागत नाही, फक्त मोजत राहायचं. एकाच जागी अडकला किंवा वर चढला तर मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे त्या पेशींची वाढ थांबवणारं, इंजेक्शन देतात आणि बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पुन्हा ऑपरेशनची वेळ क्वचित येते.

आकडा शून्यावर येईपर्यंत दिवस राहू देऊ नका, निरोध वापरा. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असा बऱ्याच जणींचा समज असतो. तो खरा नाही. पहिल्या पाळीच्या आधीच स्त्रीबीज बाहेर पडतं, तेव्हाच तर दोन आठवड्यांनी पाळी येते. मधल्या काळात नवीन गर्भ राहिला तर वाढणारा आकडा जुन्या पेशींचा की नव्या गर्भाचा, हे ठरवताना डॉक्टरांचीही पंचाईत होते, आणि त्या गोंधळात चुकीचं इंजेक्शन दिलं जाण्याचा धोका असतो. फॉलिक ॲसिडची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण मेथोट्रेक्सेट द्यायची वेळ आलीच तर ती बंद ठेवावी लागते.

आणखी एक, आकडा उतरत असतानाही ट्यूब फुटू शकते. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणून पुढचे काही आठवडे ही लक्षणं ध्यानात ठेवा: ओटीपोटात एका बाजूला अचानक उठलेली आणि न थांबणारी कळ, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं, शौचाला जोर आल्यासारखं वाटणं पण शौच न होणं, आणि खांद्याच्या टोकाला दुखणं. खांद्याचं जरा नीट सांगते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस खांदे दुखतात. दवाखान्यात ते सांगितलेलं असतं आणि तेच मनात राहतं. पण १९व्या किंवा २५व्या दिवशी खांदा दुखला तर तो गॅस नव्हे. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला लागतं आणि दुखणं खांद्याला जाणवतं. अशा वेळी फोनवर विचारत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, 'माझं एक्टोपिकचं ऑपरेशन झालंय, ट्यूब ठेवलेली आहे.'

आता दुसरं काम. त्याला खर्च नाही, पण पुढची दहा वर्षं ते उपयोगी पडतं. ऑपरेशन नोट मागून घ्या.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे ऑपरेशन नोट नव्हे. कार्डावर 'डाव्या बाजूचे एक्टोपिक, लॅप्रोस्कोपी केली, प्रकृती स्थिर' एवढंच असतं. ऑपरेशन करताना सर्जनला पोटात काय दिसलं ते वेगळ्या कागदावर असतं, आणि तो कागद दवाखान्याच्या फाइलमध्येच राहतो. माझ्याकडे एक बाई चार वर्षं मूल होत नाही म्हणून आल्या होत्या. आधी एकदा ट्यूबचं ऑपरेशन झालेलं. 'एक ट्यूब गेली, दुसरी आहे' एवढंच त्यांना माहीत. मी जुनी नोट मागवून घेतली. तिच्यात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: उजवी ट्यूब फुगलेली, टोक बंद. म्हणजे उरलेली ट्यूबही बंद आहे, हे त्या दिवशी ऑपरेशन टेबलावर दिसलेलं होतं, कागदावर लिहिलेलं होतं, फक्त त्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्या चार वर्षं दर महिन्याला तारखा मोजत राहिल्या. तो कागद वाचून दाखवताना मला जे वाटलं ते आजही विसरता येत नाही, म्हणून मी हे प्रत्येकीला सांगते.

तुमच्या नोटमध्ये नेमकं काय बघायचं? गर्भ ट्यूबच्या कुठल्या भागात होता. ट्यूब फुटली होती की शाबूत होती. रक्त थांबवायला डाग किती द्यावे लागले. उजव्या ट्यूबच्या टोकाची झालर मोकळी होती का. चिकटाव पातळ पडद्यासारखा होता की घट्ट. यकृताच्या आजूबाजूला तारांसारखे धागे दिसले का, कारण ते जुन्या जंतुसंसर्गाची खूण असतात. ऑपरेशनचे फोटो किंवा व्हिडिओ असतील तर त्यांचीही प्रत घ्या. बायोप्सीचा रिपोर्टही आणा. काढलेल्या भागात गर्भाच्या पेशी सापडल्या, एवढं त्यात लिहिलेलं असणं महत्त्वाचं आहे.

आता ट्यूब ठेवल्याचं. १५६१ साली इटलीच्या गॅब्रिएले फॅलोपिओनं या नलिकेचं वर्णन लिहिलं तेव्हा त्याला ती तुतारीसारखी वाटली होती, आणि उपमा चपखल आहे. गर्भाशयाच्या भिंतीतून निघते तिथे ती मिलिमीटरभरही रुंद नसते, आणि बीजकोशाकडे जाता जाता पसरत तोंडाशी झालर होते. लांबी जेमतेम १० ते १२ सेंटीमीटर. पण ही नुसती पोकळ नळी असती तर तिची काळजी सोपी होती. आतून तिला मऊ घड्या असतात आणि घड्यांवर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केस. ते सतत एका दिशेनं हलत असतात. बीज आणि शुक्राणू ट्यूबमध्येच भेटतात आणि तयार झालेला गर्भ तीन-चार दिवस त्या केसांच्या लाटेवर गर्भाशयाकडे सरकतो. तिथे पोचायच्या आत तो अडकला की एक्टोपिक.

ट्यूबला दिलेली चीर सहसा शिवत नाहीत, ती आपोआप भरून येते, आणि बऱ्याचदा नळी पुढे मोकळीही राहते. पण आतल्या घड्या आणि केस जिथे खराब झाले तिथे ते पूर्वीसारखे होतीलच असं नाही. 'ट्यूब उघडी आहे' आणि 'ट्यूब चांगली आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. उघडी पण आतून खडबडीत झालेली ट्यूब शुक्राणूला आत येऊ देते, गर्भाला मात्र बाहेर पोचवू शकत नाही. पूर्ण बंद ट्यूबपेक्षा अर्धवट बिघडलेल्या ट्यूबमध्ये एक्टोपिक होण्याचा धोका जास्त असतो तो यामुळेच.

मग ठेवली ते चूक झालं का? नाही. दुसरी ट्यूब निरोगी असेल तर बिघडलेली काढून टाकली काय आणि ठेवली काय, पुढे दिवस राहण्यात फारसा फरक पडत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत तीन वर्षांत गर्भ राहून टिकण्याचं प्रमाण ट्यूब ठेवलेल्यांत सुमारे ६१ टक्के आणि काढलेल्यांत सुमारे ५६ टक्के होतं, आणि एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. पण त्या सगळ्या स्त्रियांची दुसरी ट्यूब चांगली होती. तुमची तशी नाही. उजवीची खात्री नसताना सर्जननं डावी काढून टाकली असती तर तुमच्या हातात फार थोडं उरलं असतं. मी त्या टेबलाशी उभी असते तर मीही ठेवली असती. त्याची किंमत म्हणजे दर आठवड्याची रक्ततपासणी, आणि तीच नेमकी तुम्हाला सांगायची राहिली.

उजव्या ट्यूबचा चिकटाव मला डावीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. डावीला काय झालं ते कळलंय. उजवीला का झालं ते कुणी विचारलेलंच नाही. चिकटाव आपोआप होत नाही. कधीतरी तिथे सूज आली असणार: जंतुसंसर्ग, फुटलेलं अपेंडिक्स, आधीचं पोटाचं ऑपरेशन, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) किंवा क्षयरोग. आणि ज्या कारणानं उजवीला चिकटाव झाला त्याच कारणानं डावीत गर्भ अडकला असण्याची दाट शक्यता आहे.

यात सगळ्यांत वारंवार सापडणारं कारण क्लॅमिडिया. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या या जंतूची बहुतेक स्त्रियांना काहीच लक्षणं नसतात. ना ताप, ना अंगावरून जाणं. तपासणी सोपी आहे, योनीमार्गातला स्वॅब किंवा लघवीचा नमुना. सापडला तर साधारण आठवडाभराच्या गोळ्या, पण दोघांनाही, एकाच वेळी. नवऱ्याला काही त्रास नाही म्हणून त्यानं औषध घेतलं नाही तर तुमचं औषध वाया गेलं असं समजा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा, कारण पुन्हा लागण होण्याचं प्रमाण बरंच आहे. हे दोघांना समोर बसवून सांगताना मी एक गोष्ट आवर्जून बोलते: हा जंतू कितीतरी काळ गप्प राहू शकतो, त्यामुळे तो आज सापडला म्हणून कुणाच्या आजच्या वागण्याचा निवाडा करायचं कारण नाही. घरात संशयाचं भांडण झालं की औषध बाजूला राहतं आणि ट्यूबचं आणखी नुकसान होतं.

वारंवार संसर्गानं काय होतं ते स्वीडनमधल्या लुंड इथल्या दीर्घ पाठपुराव्यातून दिसलं. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. ट्यूबला सूज आणणारा संसर्ग एकदा झाला तर सुमारे ८ टक्के स्त्रियांना ट्यूबमुळे वंध्यत्व आलं, दोनदा झाला तर जवळजवळ २० टक्के, आणि तीन किंवा जास्त वेळा झाला तर ४० टक्के. दर खेपेला धोका दुपटीनं वाढतो. म्हणून ट्यूब एकदा दुखावल्यावर पुढचा संसर्ग टाळणं, आणि झालाच तर पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू करणं, याच्याइतकी मोलाची काळजी दुसरी नाही. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, घाण वासाचं जातंय, तर घरी ठेवलेल्या दोन गोळ्या घेऊन पाहू नका. प्रतिजैविकांचा हा कोर्स १४ दिवसांचा असतो आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी १४ दिवस पुरे करायचे.

क्षयरोगाचं थोडं वेगळं आहे. जननेंद्रियांना तो झाला की ट्यूब जवळपास नेहमीच त्याच्या तावडीत सापडते. पाळीचं रक्त कमी झालं असेल, घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल, किंवा ऑपरेशनमध्ये ट्यूबवर बारीक पांढरे दाणे दिसले असतील, तर गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासायला हवा. औषधं किमान सहा महिने. त्यानंतर बिघडलेल्या ट्यूबवर ऑपरेशन करून ती उघडण्याच्या मागे मी लागत नाही, कारण त्यातून सहसा हाती काही लागत नाही.

शरीराच्या बाकी गोष्टी पटकन सांगते. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ऑपरेशननंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन दिलेलं असायला हवं. कार्डावर नोंद शोधा, नसेल तर उद्याच विचारा. हिमोग्लोबिन तपासा. पोटात रक्तस्राव झाला असेल तर महिनोन्महिने थकवा राहतो आणि बाई तो मनावर घेते, खरं तर रक्त कमी असतं. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही तीन महिने चालू ठेवायच्या, साठा भरायला तेवढा वेळ लागतो. पहिली पाळी चार ते सहा आठवड्यांत येईल, जरा जास्त जाईल, जरा जास्त दुखेल. जड वजन आणखी आठवडाभर टाळा, चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बंद. तुम्ही ओढत असाल तर आजपासून बंद. ट्यूबमधल्या त्या सूक्ष्म केसांची हालचाल धुरानं मंदावते आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत एक्टोपिकचं प्रमाण जास्त असतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल एक नियम मी सगळ्यांना सांगते, तुमचे ते दिवस सरलेत तरी दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. रोजचा दिवस कालच्यापेक्षा बरा जायला हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पोट फुगलं, ताप १००.४च्या वर गेला, उलट्या सुरू झाल्या, तर लगेच दाखवायचं. आतड्याला नकळत झालेली इजा अशीच काही दिवसांनी डोकं वर काढते.

आता मनाचं. तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य होतं, 'घरचे म्हणतात गाठ होती असं समज आणि विसर.' ताई, ती गाठ नव्हती. तुम्ही काडीवर दोन रेघा पाहिल्या, कदाचित महिने मोजले, आणि मग चार तासांत गर्भही गेला आणि स्वतःच्या जिवाचीही भीती वाटली. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ गमावलेल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात महिन्यानंतर सुमारे २९ टक्के आणि नऊ महिन्यांनंतरही सुमारे १८ टक्के जणींमध्ये आघातानंतरच्या ताणाची लक्षणं सापडली. झोप उडणं, ऑपरेशनचं दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, दवाखान्याच्या रस्त्यावरून जाणं टाळणं. हे महिन्याच्या वर चाललं तर समुपदेशकाला भेटा, टाके दाखवायला जाता तितक्याच सहजपणे. नवऱ्यालाही विचारा. बाहेर बाकड्यावर बसून सही केलेला माणूस त्या दिवसाबद्दल सहसा कुणाशी बोलत नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या काही जणींचं प्रकरण वेगळं असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. ज्यांची ट्यूब पूर्ण काढली त्यांना दर आठवड्याचा आकडा लागत नाही. तीन आठवड्यांनी लघवीची चाचणी करा, ती निगेटिव्ह आली की पुरे. काढलेल्या बाजूच्या बीजकोशातून बीज आलं तर तो महिना वाया, असंही नाही. दुसऱ्या बाजूची ट्यूब ते उचलून घेऊ शकते. ज्यांना ऑपरेशनऐवजी मेथोट्रेक्सेट दिलं त्यांचा आकडा चौथ्या आणि सातव्या दिवशी पाहतात. चौथ्या दिवशी तो वाढलेला दिसू शकतो, त्यानं खचू नका. चौथ्यापासून सातव्यापर्यंत किमान १५ टक्के उतरला पाहिजे, मग दर आठवड्याला शून्यापर्यंत. त्या काळात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, दारू आणि फॉलिक ॲसिड बंद, कडक उन्हापासून जपा, आणि पुढचे तीन महिने दिवस राहू देऊ नका. नसबंदी उलटवून ट्यूब जोडून घेतलेल्या बायकांनी स्वतःला कायम एक्टोपिकच्या धोक्यातलं समजून पाळी चुकल्याच्या दिवशीच तपासणी करावी.

परत तुमच्याकडे येते. प्रयत्न कधी सुरू करायचा? आकडा शून्यावर यावा, दोन पाळ्या व्यवस्थित व्हाव्यात, हिमोग्लोबिन भरावं, क्लॅमिडियाची तपासणी आणि लागलंच तर उपचार पुरे व्हावेत. साधारण तीन महिने धरा. मेथोट्रेक्सेट द्यावं लागलं तर तीन महिने त्या इंजेक्शनपासून मोजायचे. त्या काळात दोन कामं उरकून घ्या. पहिलं, नवऱ्याच्या वीर्याची तपासणी. ती सोपी आहे, त्रास काही नाही, आणि ट्यूबच्या नादात हमखास राहून जाते. दुसरं, एचएसजी.

एचएसजीत गर्भाशयाच्या तोंडातून रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. ती पाळी थांबल्यावर आणि बीज बाहेर पडायच्या आधी करायची, म्हणजे साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी. ऑपरेशननंतर लगेच केली तर सुजेमुळे खोटं चित्र येतं, म्हणून तीन महिने थांबायचं. तासभर आधी दुखण्याची गोळी घ्या. क्लॅमिडियाचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय करू नका, कारण आत जंतू असतील तर रंगद्रव्याबरोबर ते वर ढकलले जातात. ट्यूब फुगलेल्या दिसल्या तर तपासणीनंतर पाच दिवस प्रतिजैविक देतात. आणि रिपोर्टमध्ये 'ट्यूब गर्भाशयाजवळ बंद' असं आलं तर लगेच रडू नका. तिथला स्नायू आखडला तरी तसंच दिसतं आणि पुन्हा केलेल्या तपासणीत कित्येकदा तीच ट्यूब उघडी निघते. टोकाशी बंद आणि फुगलेली ट्यूब दिसली तर मात्र ते गांभीर्यानं घ्यायचं. त्या ट्यूबमध्ये साचलेलं पाणी गर्भाशयात उतरतं आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातलं यश जवळपास निम्म्यावर आणतं. म्हणून तो उपचार घेण्याआधी अशी ट्यूब काढून टाकतात किंवा गर्भाशयाजवळ बंद करतात. मूल व्हावं म्हणून ट्यूब काढायची, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण हे आहे.

ट्यूब मोकळ्या दिसल्या तर नैसर्गिक प्रयत्न करा, पण वर्षभर वाट पाहू नका. सामान्यतः पस्तिशीच्या आत एक वर्ष सांगतात. तुमच्या दोन्ही ट्यूब दुखावलेल्या आहेत, म्हणून मी सहा महिने सांगेन. सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर पुन्हा पोट उघडून चिकटाव सोडवण्यापेक्षा टेस्ट ट्यूब बेबीचा विचार करा. चिकटाव पातळ पडद्यासारखा होता असं नोटमध्ये लिहिलेलं असेल तर तो सोडवण्यात अर्थ आहे. घट्ट असेल तर सोडवलेला भाग बहुधा परत चिकटतो.

पुन्हा तेच होईल का? एकदा ट्यूबमध्ये गर्भ राहिला की पुढच्या खेपेला तसं होण्याची शक्यता साधारण दहात एक असते, आणि दोन्ही ट्यूब दुखावलेल्या असतील तर थोडी जास्त. दोनदा झालं तर ती चारात एकीच्याही वर जाते. म्हणजे दहातल्या जवळपास नऊ शक्यता अजून तुमच्या बाजूनं आहेत. दहावी वेळेत सापडावी म्हणून पुढची गर्भावस्था पहिल्या दिवसापासून अशी हाताळायची:

पाळी एक दिवस चुकली की त्याच दिवशी घरी चाचणी करा. पॉझिटिव्ह आली की रक्तातली बीटा एचसीजी, आणि ४८ तासांनी पुन्हा. गर्भ नीट वाढत असेल तर दोन दिवसांत आकडा निदान दीडपट होतो, बहुतेकदा त्याहून जास्त. तो रेंगाळला तर आठ दिवस वाट पाहायची नाही, तिसऱ्यांदा तपासायचा. आकडा नीट वाढला म्हणून गर्भ गर्भाशयातच आहे असं सिद्ध होत नाही, त्यामुळे सहाव्या आठवड्यात योनीमार्गातून सोनोग्राफी करायचीच. सोनोग्राफी करणाऱ्याला आधीच सांगा, 'मागच्या खेपेला डावीकडे एक्टोपिक होतं.' पिशवी गर्भाशयात दिसली नाही आणि आकडा वाढतोय, तर त्या दिवशी घरी एकट्या राहू नका. आणि पिशवी गर्भाशयात दिसली, तिच्यात ठोके दिसले, की ट्यूबची काळजी तिथे संपली. त्यापुढच्या तपासण्या इतर कुठल्याही गर्भवतीच्या असतात तशाच.

उद्याचा आकडा आला की कळवा, आधीच्या आकड्यासकट.